केराचा धनी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी चहाचा एक काचेचा पेला फुटला. पेला काही मोलाचा नव्हता. घरच्या मंडळींनी तुकडे गोळा केले, केरसुणीने बारीक चुरा लोटून घेतला, मुलांच्या पायात जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसली, आणि मग ते सर्व तुकडे खरकट्याच्या पिशवीत टाकून पिशवीचे तोंड घट्ट बांधले. घरातील एकाही माणसाच्या पायास काच लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केर नेणाऱ्या बाई दारी आल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी सोडली, तीतील ओले काय नि सुके काय ते हाताने निराळे करावयास आरंभ केला, आणि त्यांच्या आंगठ्याच्या मुळाशी चांगली खोल जखम झाली. हळद भरली, चिंधी बांधली. बाई रागावल्या नाहीत. "काच येगळी ठिवत जा, ताई," एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

या प्रसंगी आम्हांस वाटलेली शरम ही काही येथे सांगण्याची गोष्ट नव्हे. ती आमच्यापाशीच असू द्यावी. सांगावयाचे आहे ते इतकेच की, त्या दिवशी एक अगदी साधा प्रश्न आमच्या मनात उत्पन्न झाला आणि त्याचे उत्तर वाटले तितके सोपे निघाले नाही. ती काच कोणाची होती? आमची म्हणावी, तर आम्ही ती आदल्या रात्रीच टाकून दिली होती. बाईंची म्हणावी, तर त्यांनी ती मागितली नव्हती, घेतली नव्हती, तेथे आहे हे त्यांस ठाऊकही नव्हते. नगरपालिकेची म्हणावी, तर तिच्या गाडीपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. म्हणजे ज्या क्षणी त्या काचेने मनुष्याचे रक्त काढले त्या क्षणी ती निर्धनी, बेवारशी वस्तू होती, असे म्हणण्याची पाळी येते. आणि असे म्हणणे आमच्या सोयीचे आहे, एवढ्यावरूनच त्याविषयी संशय घेतला पाहिजे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाचा विचार करताना एक मार्मिक भेद केला आहे. दान म्हणजे नुसते हातातून सोडून देणे नव्हे. देणाऱ्याचे स्वत्व त्या वस्तूवरून निघाले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वत्व तिच्यावर उत्पन्न झाले पाहिजे. त्याग आणि स्वीकार ही दोन्ही मिळून दान पुरे होते. ब्राह्मणास गाय देण्याच्या प्रकरणातील ही चर्चा केळ्याच्या सालीस लावणे हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु तत्त्व मोठ्या वस्तूस लागू पडते आणि क्षुद्र वस्तूस लागू पडत नाही, असे मानण्यास आधार काय? केराच्या बाबतीत त्याग आपण मोठ्या तत्परतेने करतो. विरक्तीचे असे दर्शन आपल्या संसारात अन्यत्र क्वचितच घडेल. मात्र त्यागलेल्या वस्तूचा स्वीकार कोणी केला, किंवा कोणी केला तरी काय, हे विचारण्याचे आपणांस कारण पडत नाही. बाईंनी आमच्या पिशवीतून पुठ्ठा घेतला, दुधाची रिकामी पिशवी घेतली, शीतपेयाची बाटली घेतली. तेवढ्यापुरता स्वीकार झाला आणि आम्ही मोकळे झालो. काच, शिळा भात आणि ओल्या चहाच्या चोथ्याने भिजलेले वर्तमानपत्र यांचा स्वीकार कोणीही केला नाही. तेव्हा त्या वस्तूंवरील आमचे स्वत्व आम्ही कितीही सोडले असले, तरी त्यांच्याविषयीचे दायित्व मात्र आमच्याच दाराशी बसून होते, असेच म्हटले पाहिजे.

यावर पहिले उत्तर तयार असते ते असे, की आम्ही पैसे देतो. होय, देतो, घरटी दरमहा काही रक्कम दिली जाते आणि कित्येक बिऱ्हाडांत तीही दोन-दोन महिने थकते. परंतु या पैशाने आपण विकत काय घेतले? वाहून नेण्याचे श्रम. रेल्वेच्या फलाटावर हमालाच्या डोक्यावर पेटी देताना आत साप आहे हे न सांगणारा गृहस्थ, मजुरी चुकती केली म्हणून निर्दोष ठरत नाही. श्रमाचा मोबदला देता येतो. दुसऱ्याच्या हातास आपण अकारण उत्पन्न केलेल्या धोक्याचा किंवा किळसेचा मोबदला ठरवण्यास तो दुसरा आधी राजी झालेला असला पाहिजे, आणि पिशवीचे तोंड बांधून देण्याच्या आपल्या पद्धतीत राजी होण्यास वावच ठेवलेला नाही.

येथे एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे, असे आम्हांस वाटते. ओला कचरा निराळा, सुका निराळा ठेवा, असे सांगताना सरकारी पत्रकांतून 'वर्गीकरण' हा भारदस्त शब्द वापरला जातो. केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या नियमांत प्रत्येक घराने आपल्या केराचे तीन भाग करावेत असे लिहिले: कुजणारा, न कुजणारा, आणि घरगुती घातक. हे वाचून गृहस्थाच्या डोळ्यांपुढे असे चित्र येते की, दिवसभराचा ढीग पुढ्यात घेऊन त्याने संध्याकाळी तांदूळ निवडावे तसा केर निवडत बसावयाचे आहे. एवढा वेळ कोणास आहे? परंतु स्वयंपाकघरात क्षणभर उभे राहून पाहावे. भाजीची देठे येतात ती निराळी येतात. बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन येते ते निराळे येते. संपलेल्या औषधाची पट्टी, फुटलेला दिवा, अंड्याची टरफले, यांपैकी कोणतीही वस्तू दुसरीत मिसळून आपल्या हाती येत नाही. प्रत्येक वस्तू टाकण्याच्या क्षणी सुटीच असते. तिला दुसरीत आपण मिसळतो. म्हणजे निराळे ठेवणे हे नवे कृत्य नसून, मिसळणे हे आपले नित्याचे कृत्य आहे, आणि ते सोडा एवढेच मागणे आहे. जे आपण दोन डबे ठेवून, हात न मळवता, निमिषार्धात साधू शकतो, तेच एकदा मिसळल्यावर दुसऱ्या कोणास तरी कोपरापर्यंत हात घालून, दुर्गंधीत, तासन् तास करावे लागते. निवड टळत नाही. घरात झाली नाही तर ती दारात, रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा गावाबाहेरच्या ढिगावर होते.

आणि ही कला मध्यमवर्गास येत नाही, असेही नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेला असे. मराठी वर्तमानपत्रे एकीकडे आणि इंग्रजी दुसरीकडे, कारण इंग्रजीस भाव अधिक. दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजास वाळत घातलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. रिकाम्या बाटल्या, पत्र्याचे डबे, पितळेचा मोडका नळ, यांतली एकही वस्तू कधी खरकट्यात गेली नाही. भंगारवाला तागडी घेऊन आला म्हणजे पाव किलोसाठी जी घासाघीस होई ती पाहता, वर्गीकरणाचे शास्त्र आमच्या घराघरात पूर्ण विकसित झालेले होते व आहे, याविषयी शंका राहत नाही. फरक एवढाच की, जेथे मोल आपल्या पदरात पडते तेथे आपण निवडतो, आणि जेथे निवडण्याचा लाभ दुसऱ्याच्या हातास होतो तेथे आपणांस वेळ नसतो. ही गोष्ट लिहिताना आम्हांस बरे वाटत नाही. परंतु आमच्याच माळ्यावर रद्दीचा गठ्ठा आणि आमच्याच पिशवीत काच, अशी स्थिती असताना ती लपवावी कशी?

कित्येक सहृदय मंडळी दुसऱ्या बाजूने शंका काढतात. आपण सर्व निराळे करून देऊ लागलो तर या गरीब लोकांच्या पोटावर पाय येणार नाही काय? ही शंका निवडण्याचे काम आणि निवडलेल्या मालाची किंमत यांत गल्लत करते. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी आपली कष्टकरी पंचायत स्थापन केली; तीतील बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही बहुधा ज्यांस गावगाड्याने शिवेबाहेर ठेवले होते त्या जातींतील. पुढे याच चळवळीतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली व तिने 2008 साली महापालिकेशी करार करून घरोघरी केर नेण्याचे काम अंगावर घेतले. या स्त्रियांचे प्रथमपासूनचे मागणे काय? केर आम्हांस निराळा करून द्या, सुका माल आमच्यापाशी राहू द्या, आणि आमच्या कामास काम म्हणा. कोरड्या कागदास जो भाव येतो तो आमटी लागलेल्या कागदास येत नाही, हे त्यांस आपल्यापेक्षा चांगले समजते. ओल्यात लडबडलेला पुठ्ठा हा त्यांच्या दृष्टीने केर नव्हे, तर बुडालेली मजुरी होय. वापरलेले शोषक कपडे, मुलांची लंगोटपट्टी वगैरे वस्तू कागदात गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर येणार नाही, ही सूचनाही त्यांच्याच बाजूने आली. एक ठिपका! सुशिक्षित कुटुंबांस हा ठिपका काढण्यास सांगावे लागले, ही गोष्ट कोणत्या सदरात नमूद करावी?

आपल्या जुन्या घरांविषयी येथे थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण या विषयावर बोलणारे वृद्ध हटकून म्हणतात की, आमच्या काळी कचरा नव्हताच. यात पुष्कळ सत्य आहे. खरकटे गाईपुढे जाई, भाजीचे निवडण परसातील उकिरड्यावर, चुलीतील राख भांड्यांस व उरलेली भाजीच्या वाफ्यात, मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात. जीर्ण लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे, आणि पोतेरे शेवटी मातीतच. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू नये, असा दंडक असे. लक्ष्मी जाते म्हणत, आणि अंधारात केरासोबत एखादा मणी अथवा नथीचा मोती जाऊ नये, हा व्यवहारही त्यात असावा. एकंदरीत घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुजणारी असल्यामुळे मिसळले तरी बिघडत नव्हते. उकिरडा हा दोन-तीन पावसाळ्यांत खत होई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात ही म्हण अशा काळातली आहे. आजच्या ढिगाचे पांग बारा वर्षांत फिटत नाहीत.

तथापि त्या चित्रात एक जागा कोरी सोडली जाते. परसाच्या टोकाशी जो संडास होता तो कोण साफ करीत असे, आणि ती व्यक्ती वाड्यात कोणत्या दाराने येत असे? मेलेले ढोर कोण ओढी? घर स्वच्छ राहावे म्हणून घराने काही माणसेच अस्वच्छ ठरवली, आणि तीही एका जन्मापुरती नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या. सोवळ्याओवळ्याचे इतके सूक्ष्म नियम करणाऱ्या समाजास निराळे ठेवणे शिकवावे लागू नये; त्याने ते नको तितके केले. वस्तू आणि वस्तू यांत अंतर ठेवावयाचे ते त्याने माणूस आणि माणूस यांत ठेवले. म्हणून जुन्या घराचा उकिरडा आम्हांस हवासा वाटतो, परंतु जुन्या घराची स्वच्छतेची कल्पना आहे तशी उचलावी, असे आम्हांस म्हणवत नाही.

ही गाठ सोडवू पाहणारे पुरुष आपल्याकडे झाले. 1901 च्या कलकत्ता येथील काँग्रेसमध्ये संडासांची घाण पाहून स्वयंसेवकांनी 'हे आमचे काम नव्हे' म्हटले, तेव्हा गांधींनी स्वतः केरसुणी मागून घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम आपणांस द्यावे अशी मागणी केली. हे काम ठराविक जातीच्या कैद्यांचे, म्हणून अधिकाऱ्यांनी ती नाकारली. त्यावर अप्पासाहेबांनी उपवास आरंभला आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधींनीही त्यांस पाठिंबा म्हणून अन्न वर्ज्य केले. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करण्याच्या, कोणाच्याही डोक्यावर पाटी येऊ न देणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. आम्हांस त्यांच्या उपवासापेक्षा हा संडास अधिक थोर वाटतो. उपवासाने एका सज्जनाने ते काम आपल्याकडे घेतले. संडासाने ते काम दुसऱ्या कोणाकडे जाण्याचे कारणच कमी केले.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण डॉ. आंबेडकरांनी याच ठिकाणी बोट ठेवले होते. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले गेले त्यांस ते काम थोर आहे, पवित्र सेवा आहे, असे सांगणे ही त्यांची क्रूर थट्टा होय, असा त्यांचा 1945 च्या ग्रंथातील आक्षेप आहे. तो आम्हांस बिनतोड वाटतो. केर नेणाऱ्या बाईंस दिवाळीत साडी देऊन, 'तुम्ही म्हणजे आमच्या स्वच्छतेच्या देवता' असे म्हणणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. साडी द्यावी, परंतु देवतेच्या हातात काच देऊ नये, आणि देवतेच्या मुलीनेही देवताच व्हावे अशी व्यवस्था तर मुळीच ठेवू नये. त्या कामाचा गौरव करण्यापेक्षा ते काम हलके, कोरडे आणि थोडे करणे, हे आपल्या हातात आहे.

थोडे करण्याचा मुख्य उपाय म्हणजे ओले घरातच जिरवणे. या विद्येचे एक मोठे पीठ आपल्या अगदी परिचयाच्या होळकरांच्या इंदुरात होते. तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने जी पद्धत सिद्ध केली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पालापाचोळा, हिरवे निवडण, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, मधून मधून ढीग उलथून वारा खेळवावयाचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. त्यातील सगळे रहस्य वाऱ्यात आहे. हवा मिळाली तर सूक्ष्मजीव कुजवण्याचे काम करताना ढीग तापवतात आणि दुर्गंधी येत नाही. हवा कोंडली तर दुसऱ्याच जातीचे जीव माजतात, घाण सुटते आणि मिथेन वायू निर्माण होतो.

हे सर्व वाचून आम्ही सज्जातील एका झाकणाच्या पिंपात प्रयोग आरंभला आणि पंधरा दिवसांत शेजाऱ्यांशी असलेले आमचे संबंध बिघडवून घेतले. पिंपात आम्ही केवळ ओलेच टाकीत होतो. कलिंगडाच्या साली, उरलेले वरण, पुन्हा कलिंगडाच्या साली. खाली काळे पाणी साचले, वर पांढऱ्या अळ्या झाल्या, आणि वरच्या मजल्यावरील गृहस्थांनी जिन्यात गाठून आमच्या तत्त्वज्ञानाची चौकशी केली. पुढे एका माळ्याने सांगितले की, प्रत्येक ओंजळ ओल्यावर दोन ओंजळी वाळका पाला टाका आणि पिंपास भोके पाडा. पाला म्हणजे कर्ब, निवडण म्हणजे नत्र. सुमारे तीस भाग कर्बास एक भाग नत्र असे प्रमाण राहिले म्हणजे जीव सुखाने काम करतात, हे शास्त्र आम्ही मागाहून वाचले. माळ्यास ओंजळीचे माप पुरेसे होते. आता त्या पिंपातून मृग नक्षत्रानंतरच्या ओल्या मातीसारखा वास येतो, आणि वरच्या मजल्यावरील गृहस्थ कुंड्यांसाठी खत मागून नेतात.

जे असे घरात जिरत नाही त्याचे काय होते, हे पुणेकरांस उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांनी शिकवले आहे. शहराचा मिसळलेला केर वर्षानुवर्षे तेथे पडला. ढिगाखालून झिरपणाऱ्या पाण्याने विहिरी बिघडल्या, पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ गावांवर आली, आणि 2017 च्या उन्हाळ्यात ढिगास आग लागल्यावर गावकऱ्यांनी केराच्या गाड्या अडवल्या. त्या दिवसांत शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले आणि सुशिक्षित लोक 'गावकरी राजकारण करतात' असे म्हणू लागले. आम्हीही म्हटले असेल. परंतु दानाची ती जुनी कसोटी येथे लावून पाहावी: या गावांनी आमच्या केराचा स्वीकार केव्हा केला होता? एके काळी असाच ढीग कोथरुडास होता. तेथे आमच्यासारख्यांची घरे उठली आणि ढीग दूर गेला. त्या जागी आता मेट्रोचे आगार आहे. केर नेहमी अशा दिशेने जातो की जिकडच्या लोकांस 'नको' म्हणण्याची सवय झालेली नसते. मुंबईचा देवनारचा ढीग 1927 पासूनचा; 2016 च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर कृत्रिम उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस तो पाहण्यासाठी उपग्रहाची गरज नव्हती. या आगींचे मूळ बहुतांशी त्याच कोंडलेल्या मिथेनात आहे. पिशवीचे तोंड बांधून दिलेली भाजीची देठे तेथे, वारा न मिळता, दाबली जातात. वेष्टने आणि प्लॅस्टिक ही वर सरपणासारखी रचलेली असतातच.

आता शेवटची आणि खरी अवघड शंका. आपण घरी प्रामाणिकपणे निराळे ठेवावे आणि खिडकीतून पाहावे तो काय, गाडीत दोन्ही डबे एकाच तोंडात रिकामे होत आहेत. हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा नागरिक विरळा. मग ही तपश्चर्या कशासाठी? फळाची आशा न धरता कर्म करावे, हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. परंतु ते येथे इतक्या सहजपणे वापरू नये असे आम्हांस वाटते. ज्या कर्माचे फळ कोणासच मिळत नाही ते करीत राहणे यास निष्कामता म्हणत नाहीत. आणि गाडीत मिसळणाऱ्या व्यवस्थेस जाब विचारण्याचे कर्तव्य त्या आडोशाने टळते, हा दोष निराळाच. आमचे उत्तर साधे आहे. गाडीच्या आधी हात आहे. आमच्या दारापासून गाडीपर्यंत त्या बाईंच्या हातास जे लागते ते कोरडे असावे की ओले, बोथट असावे की धारदार, हे गाडी ठरवीत नाही. पृथ्वीचे रक्षण, राष्ट्राची काटकसर, शेतीस खत, ही सर्व फळे गाडीच्या तोंडाशी नष्ट होऊ शकतात. न चिरलेला आंगठा हे फळ त्याआधीच पदरात पडलेले असते. शिवाय निराळे ठेवणाऱ्यासच 'तुम्ही मिसळता का?' असे विचारण्याचा अधिकार उरतो. आम्ही आमच्या प्रभागात तो एकदा वापरून पाहिला. अर्जास उत्तर आले नाही. गाडी मात्र पुढे काही आठवडे दोन कप्प्यांची येत असे.

एका मोहाची सूचना मात्र स्वतःस द्यावी लागते. दोन-तीन डबे मांडले, रोज नेमाने निराळे ठेवले, म्हणजे मनास एक प्रकारची पापक्षालनाची गोडी लागते. आणि ज्यास प्रायश्चित्त सोपे वाटते तो पुन्हा पाप करावयास बिचकत नाही. कागदाचा लगदा पाच-सात वेळांहून अधिक नवा होत नाही, कारण प्रत्येक वेळी तंतू आखूड होतो. काच आणि ॲल्युमिनिअम पुनःपुन्हा वितळवता येतात. परंतु बटाट्याच्या कापांचे ते चकचकीत पुडके घ्या. त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे पापुद्रे एकमेकांस असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणे कोणास परवडत नाही. आमच्या बाई ते हातात घेतात, चुरगाळून पाहतात, आणि परत टाकतात. त्या एका हालचालीत जी परीक्षा होते ती आम्ही दुकानात, ते विकत घेताना, करावयास हवी होती. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडी पिशवी खिशात ठेवण्याची सवय आम्हांस लागली. पण त्या कापडी पिशवीतून आम्ही काय घरी आणतो, हे पाहण्याची लागली नाही. ज्या वस्तूचा स्वीकार जगात कोणीच करणार नाही ती दारातून आत घेताना आपण तिचे कायमचे धनी होत असतो. आठवडाभर असा बेवारशी माल एका निराळ्या खोक्यात साठवून पाहा, असे आम्ही मित्रांस सांगतो. आमच्या घरी ते खोके सहा दिवसांत भरले, आणि त्यात मुलांपेक्षा आमच्या स्वतःच्या आवडीचे जिन्नस अधिक निघाले.

मुलांचे म्हणाल तर ती लवकर शिकली. आम्हांस वेळ लागला. गृहिणीनेही आरंभी जे म्हटले ते नमूद करणे न्यायाचे होईल: "निराळे ठेवायचे ठरवले तुम्ही, आणि निराळे ठेवायचे मात्र मी." हा आक्षेप खरा होता. घरातील तत्त्वे पुरुषांनी मांडावीत आणि डबे बायकांनी धुवावेत, ही आपली फार जुनी वाटणी आहे. केराचे ओझे दारातून बाहेर ढकलण्याआधी ते घरातल्या घरात ढकलले जाते. तेव्हापासून ओल्याचा डबा धुण्याचे काम आमच्याकडे आहे. पहिले काही दिवस नाक दाबून ते केले. जे काम करताना आपण नाक दाबतो तेच काम कोणी आयुष्यभर करीत आले आहे, हे त्या डब्याच्या तळाशी जितके स्पष्ट दिसले तितके ग्रंथांत दिसले नव्हते.

काच आता आमच्या घरी निराळी ठेवली जाते. फुटलेले भांडे जाड कागदात गुंडाळावयाचे आणि वर ठळक अक्षरांत 'काच' असे लिहावयाचे, अशी आम्ही पद्धत पाडली आणि तिचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत असे. दोन महिन्यांनी एका सकाळी बाई ते पुडके हातात धरून उभ्या राहिल्या आणि आत काय आहे म्हणून विचारू लागल्या. वर लिहिले आहे, असे आम्ही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. पुडके कानाशी नेऊन त्यांनी ते हळूच हलवून पाहिले. त्यांस अक्षरओळख नाही, हे इतक्या दिवसांत आमच्या ध्यानातही आले नव्हते. मग खूण कोणती करावी, असे आम्ही त्यांसच विचारले. आता त्या पुडक्यास तांबडी सुतळी बांधतो.